आधी थांबायला जागा द्या

२०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरचं घर घ्या, कुटुंब घ्या, महाराष्ट्र फिरा. जागोजागी कॅरॅव्हॅन पार्क होतील, तिथे पाणी असेल, वीज असेल. धोरण चांगलं आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण उरण तालुक्यातल्या जासईच्या रस्त्यावर ट्रेलर चालवणारी माणसं गाडीत राहतायत ती या धोरणाच्या कितीतरी आधीपासून. १९८९ साली पलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, तेव्हापासून. त्यांच्या केबिनमध्ये सीटमागे झोपायला फळी आहे, टूलबॉक्समध्ये स्टोव्ह आहे, बाजूला पाण्याचा कॅन बांधलेला आहे. काहींच्या सोबत कुत्राही आहे. या माणसांसाठी नळ कुठे बसवलाय, तेवढं कुणीतरी दाखवा.

मार्चमधला एक अख्खा दिवस मी या दोन्ही प्रकारच्या घरांच्या सोबतीने काढला. पुण्याचं एक ओळखीचं जोडपं त्यांची व्हॅन घेऊन आलं होतं. आत पलंग, दोन शेगड्या, पाण्याची टाकी, पंखा, छोटं शौचालय. सोबत लाली, पुण्याच्या रस्त्यावरून उचलून आणलेली गावठी कुत्री. उरणचा समुद्र बघायचा, चिरनेरवरून पेणला निघायचं आणि खोपोलीमार्गे घाट चढून परत, असा त्यांचा बेत. मी उरण तालुक्यातला, म्हणून वाट दाखवायला बरोबर.

कुत्रा घेऊन प्रवास कसा करावा, हे त्या दोघांकडून शिकावं. पनवेलला सूर्य उगवायच्या आत तिला फिरवून आणलं, कारण दहानंतर डांबर तापतं आणि पंजे भाजतात. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवायची. पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्यालाही त्यावर चालवायचं नाही. निघण्याच्या तोंडावर पोटभर खायला घातलं नाही. पाण्याचं भांडं हाताशी. रेबीजच्या लसीचं पुस्तक गाडीच्या कागदपत्रांच्याच फाइलमध्ये. आणि दोन तासांच्या आत थांबा ठरलेला. कुत्र्याला घाम फक्त पंजातून येतो, बाकी बरीचशी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. बाहेर ३० अंश असताना बंद गाडीत अर्ध्या तासात पारा ४५च्या वर जातो. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून काचा लावून कुत्र्याला आत ठेवणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. फोटोत छान दिसतो म्हणून कुत्रा बरोबर घेणाऱ्यांनी तर त्याला घरीच ठेवावं.

गव्हाण फाटा ओलांडला आणि लाली अस्वस्थ झाली. थांबायला हवं होतं. जागा नव्हती.

हे मी मोठ्या महामार्गाबद्दल सांगतोय, एखाद्या आडवाटेबद्दल नाही. डावीकडे ट्रेलरची रांग, उजवीकडे ट्रेलरची रांग, मधे दुभाजक, त्यापलीकडे कंटेनर यार्डांचं पत्र्याचं कुंपण. एका पंपावर शिरलो, तर मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून तिथून काढलं. एका झाडाची सावली दिसली, तिच्याखाली आधीच दोन घोडे उभे. ट्रेलरच्या पुढच्या इंजिनवाल्या भागाला इथे घोडा म्हणतात. शेवटी जासईच्या अलीकडे, दोन ट्रेलरच्या मधल्या फटीत, व्हॅन कशीबशी घुसवली.

लालीला खाली उतरवलं, तोच शेजारच्या ट्रेलरखालून एक तांबूस कुत्रा उठून आला. त्याच्या मागोमाग चालक. पस्तिशीतला, बीडकडचा. आमच्याकडे न बघता आधी कुत्रीकडे बघून म्हणाला, "वैनी, आधी पाणी पाजा तिला. हितं ऊन लय हाय." आमचं भांडं निघेपर्यंत त्याने स्वतःच्या कॅनमधलं पाणी एका कापलेल्या डब्यात ओतलंसुद्धा. त्या कॅनचं पाणी त्याने विकत घेतलेलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं.

त्याच्या कुत्र्याचं नाव मोती. धुळ्याकडच्या एका धाब्यावर पिल्लू होतं, पायरीवरून केबिनमध्ये चढलं ते उतरलंच नाही. ठेवण्याचं कारणही साधं. रात्री उभ्या गाडीचं डिझेल चोरतात. टाकीजवळ कुणी आलं की मोती भुंकतो आणि चालक जागा होतो. त्याबदल्यात चपातीतली अर्धी मोतीची. दोन रात्री झाल्या होत्या त्यांना तिथे उभं राहून. यार्डात नंबर लागायचा होता.

आणि एक गोष्ट बघितली ती सांगतो. मोती भर दुपारी ट्रेलरच्या चाकांमध्ये झोपतो, कारण दुसरीकडे सावली नाही. चाकांखाली झोपलेला कुत्रा आणि चाळीस फुटांची गाडी! पुढे काय होतं ते या रस्त्यावर रोज पडलेलं दिसतं. म्हणून या माणसाने एक सवय लावून घेतलीय. गाडी हलवण्याआधी तो टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घेऊन एकेका टायरवर ठोकत पूर्ण फेरी मारतो. हवा तर कळतेच, पण तो आवाज ऐकला की मोती खालून निघून केबिनच्या दारापाशी येऊन उभा राहतो. सगळ्या टायरवर ठोकून झालं, मोती दाराशी दिसला, मगच चावी फिरते. लाखोंच्या व्हॅनमधल्या आमच्या मित्राने हे बघितलं आणि त्याच दिवसापासून निघण्याआधी गाडीखाली वाकून बघायला लागला.

आता ठोसा जिथे मारायचा तिथे मारतो.

मोटार परिवहन कामगारांसाठी या देशात १९६१ साली कायदा झाला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. आणि जिथे कामगाराला रात्री मुक्काम करावा लागतो, तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी, हेसुद्धा त्याच कायद्यात लिहिलं होतं. १९६१! तेव्हा न्हावा-शेव्याला मिठागरं होती आणि बंदर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आज त्या बंदरातून वर्षाला वीस फुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर ये-जा करतात. देशाला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण कंटेनर आपल्या पायांनी चालत येत नाहीत. ते ओढणारा माणूस आजही रस्त्याच्या कडेला बाटली घेऊन झुडपात जातो.

न्यायाने बोलायचं तर काही झालेलं आहे. बंदराने आपल्या हद्दीत ट्रेलरसाठी मोठा केंद्रीय वाहनतळ उभारला, त्याने निर्यातीचा माल आणणाऱ्यांची सोय झाली. महामार्गांवर चालकांसाठी १००० विश्रांतीस्थानं बांधू, असं फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. तिन्ही गोष्टी योग्य आहेत. पण मोतीचा मालक जी गाडी चालवतो ती जुनी आहे, आणि ती अजून बरीच वर्षं धावेल. त्याच्या केबिनमध्ये मार्चच्या दुपारी हात लावला तर पत्रा चटका देतो. त्याला थंड केबिन मिळेपर्यंत निदान झाड तरी द्या.

यार्डांकडे बघा. रिकाम्या कंटेनरला इथे जागा आहे. सपाट केलेली, कुंपण घातलेली, दिवे लावलेली, वर पहारेकरी. ठरल्यापेक्षा जास्त दिवस कंटेनर पडून राहिला तर त्याचं भाडं चढतं, त्याचा प्रत्येक दिवस मोजला जातो. तो आणणाऱ्या माणसाच्या दोन रात्री रस्त्यावर गेल्या, त्यांचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. पत्र्याच्या पेटीचं नियोजन फुटाफुटाने झालं आणि माणसाचं राहून गेलं, एवढाच या रस्त्याचा रोग आहे. बाकी सगळं त्याचंच लक्षण.

जासईकर या ट्रेलरवर चिडतात. त्यांचं चिडणं शंभर टक्के बरोबर आहे. पोराला शाळेत सोडायला निघालेल्या बाईला ट्रेलरच्या आडून रस्ता दिसत नाही. रुग्णवाहिका अडकते. दुचाकीवरची पोरं जातात. आणि ही जमीन कुणाची होती? नवी मुंबई वसवायला सिडकोने ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये इथले शेतकरी रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. ज्यांनी ते आंदोलन उभं केलं, ज्यांचं नाव नवी मुंबईच्या नव्या विमानतळाला द्यावं म्हणून अलीकडे हजारो लोक पुन्हा रस्त्यावर आले, ते दि. बा. पाटील याच जासईचे. साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व त्या रक्तातून आलं. अशा गावाने आपल्या दारातला रस्ता मोकळा मागितला, तर तो हट्ट नाही.

पण मग काय होतं? गावकरी चालकाला शिव्या देतो, चालक गावकऱ्याला. पोलीस येऊन पावती फाडतात, ट्रेलर चार हात पुढे सरकतो आणि तिथे उभा राहतो. दोघंही त्याच रस्त्यावर भरडले जातात आणि ज्यांनी नकाशात थांब्याची जागा ठेवली नाही त्यांच्यापर्यंत शिवी पोहोचतच नाही. हे मला असह्य होतं. दंड करायचाच असेल तर आधी 'इथे थांबू नको, तिथे थांब' असं म्हणायला 'तिथे' असावं लागतं.

आमच्या थांब्याच्या समोर एक मावशी वडापाव आणि चहा विकतात. त्यांच्याकडे चालक कॅन भरायला येतात. त्या पैसे घेत नाहीत. विचारलं, तर एवढंच बोलल्या, "पान्याला नाय म्हनू नये." त्यांच्या घरचीही शेती प्रकल्पात गेलेली. म्हणजे ज्यांची जमीन गेली तेच पाणी देतायत, आणि ज्यांना जमीन मिळाली त्यांचा नळ गेटच्या आत आहे.

पीरवाडीच्या किनाऱ्यावर लाली तासभर पळली. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सगळ्यांना आनंद झाला. पण जेवणानंतर प्रश्न आला तो व्हॅनमधल्या शौचालयाची टाकी रिकामी करण्याचा. उरणपासून पनवेलपर्यंत त्यासाठी एकही ठिकाण आम्हाला सापडलं नाही. मित्राने ती तशीच बंद करून पुण्याला नेली. बरेच जण तसं करत नाहीत. खाडीच्या कडेला, तिवरांत गाडी लावायची, झडप उघडायची आणि निघायचं, असं चालतं. व्हॅन घेऊन फिरणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: आमच्या खाडीत आधीच खूप काही ओतलं गेलंय. निवटी, कोळंबी, खेकडे यांवर अजून घरं चालतात. तुमची घाण तुमच्या घरी न्या. आणि सरकारलाही सांगणं आहे: नुसतं 'फिरा' म्हणून भागत नाही, घाण टाकायला खड्डा कुठे ते आधी ठरवा.

परतीच्या वाटेवर, १९३०च्या जंगल सत्याग्रहासाठी ओळखल्या जाणाऱ्या चिरनेरच्या बाजूला, कापणी झालेल्या भातखाचरात धनगरांचं बिऱ्हाड दिसलं. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात यायचं आणि मृगाच्या आधी परत वर चढायचं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. घोड्यावर पाल, भांडी, कोंबड्या. चालता न येणारं कोकरू आणि कुत्रीची पिल्लंही त्याच ओझ्यावर. रात्री मेंढ्या शेतात बसतात, शेताला लेंडीखत मिळतं, शेतकरी धान्य देतो किंवा पैसे. कुत्रे राखण करतात. फिरत्या घराचा या मुलखातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात शहाणा करार हाच आहे. त्यात थांबणारा माणूस गावाला नको असलेला नसतो. त्याचं थांबणं गावाच्या उपयोगाचं असतं, म्हणून त्याला जागा मिळते, पाणी मिळतं. खाचरं भरावाखाली गेली तिथून मेंढ्याही हटल्या. ज्या जमिनीवर बिऱ्हाड बसायचं तिथे आता कंटेनरवर कंटेनर चढवलेत.

हाच करार ट्रेलरशी आणि व्हॅनशी का होऊ नये? जासई, चिर्ले, दास्तान, करळ या पट्ट्यात अटल सेतू उतरतो. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाला, मुंबईची गाडी २१.८ किलोमीटरवर थेट चिर्ल्याला येऊन टेकते. सेतूवर थांबायला मनाई आहे, ते बरोबरच. पण मग उतरल्यावर पहिला थांबा इथेच हवा. विमानतळ सुरू झालाय, गाड्या वाढणारच आहेत. सिडको, बंदर, महामार्ग प्राधिकरण आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून एक जागा ठरवावी. पक्का तळ, झाडं, शौचालय आणि न्हाणीघर, बायकांसाठी वेगळं, पाण्याचे नळ, व्हॅनच्या टाक्या रिकाम्या करायची सोय, रात्रभर दिवे. चालवायला द्यावी गावातल्या प्रकल्पग्रस्तांच्या बचतगटांना. जेवण त्यांचं, चहा त्यांचा, पार्किंगचं शुल्क ग्रामपंचायतीचं. पुण्याची व्हॅन जास्त देईल, ट्रेलर कमी देईल. माझ्या मित्राने त्या दिवशी सुरक्षित सावलीसाठी पाचशे रुपये आनंदाने मोजले असते. आज ते मोजून घ्यायलाच कुणी नाही.

आणि त्या जागेवर आठवड्यातून एकदा पशुवैद्य बसावा. हे शेवटचं कलम बघून काही जण हसतील, त्यांनी जरा थांबावं. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. पण मोती कुठल्या गावचा? आज जासई, परवा धुळे, त्यानंतर इंदूर. त्याला कुठलीच ग्रामपंचायत आपला म्हणणार नाही. मालकाला विचारलं, लस दिलीय का, तर तो म्हणाला, "कुठं देऊ? दवाखाना उघडा असतो तवा मी रांगेत असतो." रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ वाचत नाही, आणि मोतीसारखा कुत्रा तीन-तीन राज्यं ओलांडतो. कोकणच्या पावसात लेप्टो असतो, गोचिडांचा ताप असतो. जिथे गाडी दोन-दोन दिवस उभी राहतेच, तिथे कुत्र्याला सुई टोचणं सगळ्यात सोपं आहे. गळ्यात पट्टा, पट्ट्यावर मालकाचा मोबाइल नंबर. म्हणजे गाडी निघाली आणि कुत्रा मागे राहिला, तर तो भटका ठरणार नाही, फोन करून परत देता येईल.

१ मेला ग्रामसभा असते. त्या दिवशी कामगार दिनही आहे. जासईतल्या काही मित्रांनी हा विषय सभेत मांडायचं कबूल केलंय. अर्जाचा मसुदा मी लिहून दिला आहे, त्यात चार मागण्या आहेत: पट्ट्यातली मोकळी सरकारी जागा मोजून घ्या, तोवर रस्त्याकडेला पाण्याच्या दोन टाक्या आणि फिरती शौचालयं आणा, रात्री गावाच्या तोंडाशी ट्रेलर उभे राहणार नाहीत अशी रेषा आखा, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लसीकरणाचं शिबिर मागा. चिर्ले, धुतूम, गव्हाणच्या वाचकांनी आपापल्या गावच्या सभेत हाच अर्ज द्यावा. चालकांच्याही सह्या घेतोय. पहिली सही बीडच्या त्या माणसाने केली. नंबर लागायच्या आधी, स्टिअरिंगवर कागद ठेवून.